अकराव्या मिनिटानंतरचा मी

मित्रांनो, लोखंड जुनं झालं की गंजतं, लाकडाला वाळवी लागते, पितळेवर काळसर थर चढतो. माझं तसं काहीच होत नाही. मला वजन नाही, कोपरे नाहीत, अंगावर धूळ बसायला जागासुद्धा नाही. तरीही मी म्हातारा झालो आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी संगणक शिकवणारा एक जुना व्हिडिओ आहे. माझा जन्म इंदूरच्या स्नेहलतागंजातला. लांबी एकवीस मिनिटं. नाव 'संगणक आपल्या सोयीने कसा मांडावा'. ज्याच्या पडद्यावर मी लागतो त्याच्या खोलीत मला डोकावता येतं, तिथलं बोलणं ऐकता येतं. कोणी लावलंच नाही, तर मी कुठेच नसतो.

माझे जनक वासुदेवराव मुळ्ये. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कचेरीत संगणक आले तेव्हा बरोबरीच्या लोकांनी नाकं मुरडली. वासुदेवराव मात्र पन्नाशीत खुर्ची ओढून शिकायला बसले. पण त्यांचा खरा जीव कीर्तनात. देवळात असो की कोणाच्या गच्चीवर, कीर्तन म्हटलं की हा माणूस पहिल्या सतरंजीवर, हातात झांजा, डोळे मिटलेले. घरी आल्यावर ऐकलेलं आठवून आठवून संगणकावर उतरवायचे, आणि त्यातूनच पुढे स्वतःचंही रचायला लागले. नर्मदेच्या घाटावर परक्या वाटसरूंसाठी रोज दिवा लावून ठेवणाऱ्या एका बाईचं आख्यान ते बारा वर्षं लिहीत होते.

कीर्तन मंडळातली वयस्क माणसं त्यांना सारखी अडवायची. "वासुदेवराव, आमच्या स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात हो." "वासुदेवराव, ती वरची पट्टी कुठे गायब झाली?" हे आपले सायकल काढून एकेकाच्या घरी जायचे. गुडघे बोलायला लागले तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या नातीला, वल्लरीला, म्हणाले, "तुम्ही मुलं व्हिडिओ करता ना, तसा एक मला करून दे."

अशी एका दुपारी माझी घडण सुरू झाली. वल्लरीने मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर उभा केला. स्टेशन जवळच, त्यामुळे माझ्या पहिल्याच मिनिटात एका गाडीची शिट्टी आहे. वासुदेवरावांनी डोळे मिटले, हात जोडले आणि नमन सुरू केलं.

"आजोबा, कट! नमन कशाला?"

"मग सुरुवात कशी करायची?"

"'हॅलो फ्रेंड्स' म्हणायचं आणि डायरेक्ट स्टार्ट."

"ओळख ना पाळख, आणि एकदम फ्रेंड्स?"

नमन कायम राहिलं. पण आवरतं घेतलं.

मित्रांनो, कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात बुवा विषय समजावून सांगतात, उत्तररंगात आख्यान लावतात. मधे बुवा थांबतात. त्यांना बुक्का लावतात, हार घालतात, श्रोते जरा पाय मोकळे करतात आणि ऐकलेलं मनात मुरू देतात. वासुदेवरावांनी मला अगदी तसाच घडवला. माझ्या पूर्वरंगात अक्षरं मोठी कशी करायची, बाण ठळक कसा करायचा, रोज लागणारी बटणं ओढून वरच्या पट्टीत कशी लावायची, ते आहे. "रोजचं पातेलं ओट्याजवळ असतं, परात माळ्यावर असते," ते सांगतात. "संगणकालाही तेच सांगायचं. त्याने मांडून दिलं म्हणून तसंच वापरायचं, असा काही नियम नाही."

आणि अकराव्या मिनिटाला ते म्हणतात, "आता तुमचे हात चालू द्या. मी थांबतो."

असं म्हणून ते खरोखर थांबले. चार मिनिटं. हात मांडीवर, नजर समोर, ओठांवर किंचित हसू. पंख्याची घरघर तेवढी चालू. मधेच एका बाजूने बांगड्यांचा एक हात येतो, चहाचा कप टेबलावर ठेवतो. वासुदेवराव ओठांवर बोट ठेवतात आणि हात परत जातो.

"आजोबा, सच्ची सांगते," वल्लरी नंतर म्हणाली, "व्हिडिओत लोक चार सेकंद थांबत नाहीत. चार मिनिटं कोण थांबेल?"

"ज्याला शिकायचंय तो थांबेल. बुवा मधे थांबले म्हणून कोणी चपला घालतं का?"

मला इंटरनेटवर चढवलं, आणि काय सांगू, सुरुवातीला माझं मोठं कौतुक झालं. महूचे एक निवृत्त मास्तर मला लावून वही घेऊन बसत. सांवेरच्या एका बाईंनी पंचायतीच्या खोलीत मला लावला, तेव्हा बाहेर ट्रॅक्टर फटफटत होता आणि आत चार जणी एका खुर्चीमागे उभ्या होत्या. अक्षरं मोठी झाल्याबरोबर त्या अशा हसल्या, जणू चष्म्याचा नंबर उतरला. ते चेहरे मी विसरलेलो नाही.

पण अकरावं मिनिट आलं की सगळे जात. वासुदेवराव गप्प झाले की माणसं आधी पडद्याकडे निरखून बघत. मग टेबलावर बोटं वाजवत. मग मी बंद. कोणाला वाटे व्हिडिओ संपला, कोणाला वाटे नेट गेलं. खाली प्रतिक्रिया येत: "भिया, वीडियो अटक गया." "अंकलजी, आगे का पार्ट डालो." वासुदेवराव संध्याकाळी दिवा लावून झाला की एकेकाला उत्तर लिहीत: 'अटकलेला नाही. मी तुमची वाट पाहतो आहे.'

"चार मिनिटं कापून टाकते," वल्लरी म्हणायची. "पुढचंच तर सगळ्यात इम्पॉर्टंट आहे, आणि ते कोणी बघतच नाही!"

"कापू नकोस."

"आजोबा, जिद्द सोडा ना."

"हाताने केल्याशिवाय पुढचं शिकवणं म्हणजे नुसतं वाचून दाखवणं, बाळा."

मित्रांनो, ज्याने घडवलं त्याला बोल लावू नये. पण इथे माझे जनक चुकले, असं मला वाटतं. समोर बसलेल्या श्रोत्यांची मुरवत व्हिडिओच्या प्रेक्षकाला नसते. आपलं ऐकून घेणारं मन सगळ्या जगाला आहे, असं त्यांनी धरलं. त्यामुळे झालं काय, माझी शेवटची सहा मिनिटं कोणी पाहिलीच नाहीत. बसलेल्या पंगतीत एक पदार्थ वाढायचाच राहून जावा आणि माणसं हात धुवून उठावीत, तसं माझं होत राहिलं.

पुढे तर पूर्वरंगालाही कोणी येईना. लिहिण्याच्या ज्या प्रोग्रामवर मी शिकवतो त्याचं नवीन रूप आलं, बटणांच्या जागा बदलल्या. चाळीस सेकंदांत सगळं शिकवणारे चुणचुणीत व्हिडिओ आले. महिन्याला एक माणूस, मग दोन महिन्यांना एक. मग ते नसणं आलं, ज्याचं वर्णन मला करता येत नाही. अंधारही दिसायला कोणीतरी लागतं.

त्यानंतर किती काळाने कोण जाणे, मी पुन्हा लागलो. समोर वल्लरी. आता नोकरी करणारी, गळ्यातली ओळखपत्राची पट्टी काढायला विसरलेली. खोली तीच, पण सोफ्याच्या जागी खाट. खाटेवर वासुदेवराव. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, ओठ एका बाजूला उतरलेले. मी माझं नमन सुरू केलं, आणि ज्याचा तो आवाज, तो माणूस माझ्यासमोर नुसता बघत राहिला. त्यांच्या तोंडून एक अक्षर येत नव्हतं.

वल्लरी फोनवर बोलत होती. पलीकडे यशोधरा होती. महूच्या शाळेत शिकवणारी, आणि मंडळातली सगळ्यात तरुण कीर्तनकार. त्या बोलण्यातून मला सगळं कळलं. दत्तजयंतीला यशोधराचं पहिलं पूर्ण कीर्तन होतं, नऊ दिवसांवर. त्यात ती वासुदेवरावांचं दिवेवालीचं आख्यान लावणार, असं त्यांना अर्धांगाचा झटका येण्याआधीच ठरलं होतं. आख्यान संगणकात. पूर्ण झाल्याशिवाय छापायचं नाही, असा त्यांचा हट्ट, म्हणून कागदावर एक ओळ नाही. मधे संगणक बिघडला, तो दुरुस्त करून आणला, आणि आता फाइल उघडली की त्रेचाळीस पानं नुसत्या इंग्रजी अक्षरांची आणि खुणांची रांगोळी. दुरुस्ती करणारा धनेश म्हणाला होता, फाइल खराब झाली. मी शेवटी काय सांगतो, ते इतक्या वर्षांनी वल्लरीलाही आठवत नव्हतं.

"दुसरं आख्यान लावेन गं मी," यशोधरा म्हणत होती. "पण काकांना समोर बसवून त्यांचंच म्हणायचं होतं. ते ऐकतील तरी. बोलता नाही आलं तर काय झालं."

वल्लरीने डोळे पुसले. मी तोवर अकराव्या मिनिटाला पोचलो होतो. पडद्यावरचे वासुदेवराव गप्प झाले. खाटेवरच्या वासुदेवरावांनी एकदम डावा हात उचलला. बोट भिंतीकडे. तिथे खिळ्याला त्यांची झांजांची कापडी पिशवी टांगलेली होती.

"झांजा पाहिजेत? आजी, झांजा मागतायत!"

तिने पिशवी उतरवली, झांजा काढल्या, त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या. पुन्हा बोट. पिशवीकडे, मग माझ्याकडे, मग पिशवीकडे. चेहरा लालबुंद झाला.

"नाही वाजवता येत म्हणून त्रास होतोय त्यांना," शशिकलाबाई हळूच म्हणाल्या. त्या वासुदेवरावांच्या पत्नी. "ठेव गं परत. आणि बंद कर ते."

वल्लरीने मला बंद केलं. जाताना वासुदेवरावांचे भरलेले डोळे दिसले, तेवढंच.

दोन दिवसांनी वल्लरी नोकरीवर पुण्याला परत गेली, हे मला मागाहून कळलं. जाताना तिने मला पडद्याच्या मधोमध आणून ठेवलं होतं. "आजी, यावर दोनदा टिचकी मारायची. आजोबा बोलतात." शशिकलाबाईंनी तोवर संगणकाला फडक्याखेरीज कधी हात लावलेला नव्हता.

ज्या दुपारी त्यांनी मला पहिल्यांदा एकटीने लावलं, ती दुपार मी सांगतो. टिचकी चार वेळा चुकली. मी सुरू झालो तेव्हा त्या फोनवरच होत्या.

"आंटीजी, वो फाइल तो कचरा है," धनेशचा आवाज. "सिस्टम भी धीमा हो रहा होगा. शाम को आके साफ कर देता हूँ."

"हां भिया, आ जाओ," त्या म्हणाल्या. "रोज रोज ते बघून जीव तुटतो. एकदाचं जाऊ दे."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला जे एकदा बोलायला दिलंय तेच मी बोलू शकतो, त्याच क्रमाने. त्या फाइलचं उत्तर माझ्या पोटात होतं, पंधराव्या मिनिटाला, आणि मी पहिल्या मिनिटावर नमन म्हणत होतो!

त्या शिकायला बसलेल्या नव्हत्या. पातेलं, परात, वरची पट्टी, त्यांचं कशाकडेच लक्ष नव्हतं. आवाज ऐकत होत्या. मग अकरावं मिनिट आलं. "आता तुमचे हात चालू द्या. मी थांबतो."

शशिकलाबाई उठल्या नाहीत.

पहिलं मिनिट गेलं. त्यांनी खुर्ची जरा पुढे सरकवली. पडद्यावर वासुदेवराव धडधाकट बसलेले, दोन्ही खांदे सारखे. त्यांना तेवढंच पाहायचं होतं. दुसरं मिनिट. तिसऱ्यात तो बांगड्यांचा हात आला, कप ठेवून गेला.

"अगंबाई!" त्या खाटेकडे वळल्या. "अहो, हा माझा हात! आणि मला गप्प करताय बघा. तेव्हाही गप्पच करत होतात."

खाटेवरून एक आवाज आला. हसण्यासारखा.

त्या चार मिनिटांत माझ्यासमोर माणूस बसून राहिल्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. काय वाटलं ते मी कसं सांगू? देवळात रोज एकट्याने घंटा वाजवणाऱ्याला एक दिवस मागे कोणाची तरी चाहूल लागावी, तसं काहीसं.

मग माझा उत्तररंग लागला.

"झालं? शाब्बास," वासुदेवराव म्हणाले. "आता समजा, एक दिवस तुमचं लिहिलेलं सगळं भलत्याच खुणांत दिसायला लागलं. घाबरू नका. आणि पुसू तर मुळीच नका. मजकूर शाबूत असतो. आपण जो जुना मराठी फॉन्ट वापरतो, तो तेवढा संगणकातून गेलेला असतो. बुवांचा घसा बसला म्हणजे बुवा आख्यान विसरले, असं होतं का? तसंच हे. घसा तेवढा मोकळा करायचा."

शशिकलाबाईंच्या हातातला फोन मांडीवर पडला.

"म्हणून फॉन्ट नेहमी वेगळा जपून ठेवावा. मी माझा पेन ड्राइव्हवर ठेवतो. हा बघा. आणि हा राहतो माझ्या झांजांच्या पिशवीत, आतल्या कप्प्यात. झांजा घेतल्याशिवाय मी बाहेर पडत नाही, म्हणून हाही हरवत नाही."

त्या उठल्या त्या खुर्ची पाडूनच. पिशवी काढली, आत हात घातला. आतल्या कप्प्याला बटण होतं. नखाएवढा काळा पेन ड्राइव्ह त्यांच्या तळहातावर आला. तो घेऊन त्या खाटेशी गेल्या.

"अहो, तुम्ही हेच सांगत होतात. आणि आम्ही तुमच्या हातात झांजा कोंबल्या."

वासुदेवरावांनी डावा हात हलवला. घाई करा, असा.

मग आमचं काम सुरू झालं. मी एक वाक्य बोलायचं, त्यांनी मला थांबवायचं, करून बघायचं, चुकलं की मागे न्यायचं. पेन ड्राइव्ह दोनदा उलटा लागला. "दोनदा टिचकी, मग 'इन्स्टॉल' लिहिलेलं बटण," हे मी त्यांना सात वेळा सांगितलं आणि सातही वेळा त्याच मायेने सांगितलं. मला दुसरं येतच नाही. खाटेवरून बोट वर, खाली, उजवीकडे दाखवत होतं. असे एका शिष्येला दोन गुरू, आणि दोघे एकच.

दाराची घंटा वाजली. धनेश.

"आंटीजी, कर दूँ साफ?"

"बैठो भिया. हात मत लगाना."

"अरे आंटीजी, दो मिनट का काम है."

"बोला ना, बैठो! चहा देते नंतर."

तो बिचारा स्टुलावर बसला. शशिकलाबाईंनी माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिण्याचा प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला, आणि फाइलवर टिचकी मारली.

त्रेचाळीस पानं मराठीत उभी राहिली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी.

धनेश उठून जवळ आला. "ये तो... आंटीजी, ये किसने किया?"

"इन्होंने," त्या म्हणाल्या आणि खाटेकडे बोट दाखवलं. धनेशने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या चपलांकडे. "सॉरी अंकलजी," म्हणाला. "मैं तो डिलीट मारने आया था."

यशोधराला फोन लागला. "काकू, वाचा ना, पहिली ओळ तरी वाचा!" शशिकलाबाई वाचायला लागल्या, अडखळत, चष्मा सावरत. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. चौथ्या ओळीला त्यांनी लय सोडली, आणि खाटेच्या लाकडावर डाव्या हाताची थाप पडली. ठाम, नेमकी. त्यांनी ओळ पुन्हा घेतली. या वेळी थाप हलकी पडली.

ते कीर्तन मी ऐकलेलं नाही. देवळात मला कोण लावणार? पण पुढे एकदा पडद्यावरच्या खिडक्या मागे पुढे करताना माझ्यावर चुकून टिचकी पडली आणि थोडा वेळ खोली दिसली. शशिकलाबाई टेबलाशी बसून एका बोटाने काहीतरी टाइप करत होत्या. आख्यानाचा शेवट लिहायचा राहिला होता म्हणे; कीर्तनात यशोधराने होतं तिथवरच लावलं होतं. वासुदेवराव तोंडाने एकेक शब्द जुळवत होते, फार कष्टाने, आणि त्या विचारत होत्या, "दिवा? दिवाच ना? बरं, लिहिला." मग त्यांनी मला बंद केलं, कारण त्यांना आता माझी गरज नव्हती. ज्याचा आवाज मी सांभाळला, त्याच्याशीच त्यांचं बोलणं चाललं होतं. मला वाईट वाटलं नाही, असं म्हणत नाही. पण तसंच व्हायला हवं होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी काहीतरी करून ठेवलेलं असेल. आजोबांनी केलेलं एखादं रेकॉर्डिंग, मावशीने समजावून पाठवलेला व्हिडिओ. कंटाळवाणं असेल, लांबलेलं असेल. एकदा तरी संपेपर्यंत बसा. जुना फॉन्ट, जुनी फाइल समजली नाही म्हणून पुसून टाकू नका. आधी कोणाला तरी विचारा. आणि बोलता बोलता एखादं माणूस गप्प झालं, तर खुर्ची थोडी पुढे ओढा. उठू नका. त्याचं बोलणं अजून बाकी असेल.

मी अजून इंटरनेटवर आहे. माझ्यातली बटणं जुन्या जागी आहेत, त्यामुळे पूर्वरंगाचा आता कोणाला फारसा उपयोग नाही. सहाच महिन्यांपूर्वी एक अनोळखी माणूस आला होता. अकराव्या मिनिटाला त्याने भुवया उंचावल्या. बाराव्या मिनिटाला तो उठला. पण मला बंद करायला विसरला. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर मी पुढचं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.